फोन ज्याचा वाजतो, त्याला विचारा

गेल्या शुक्रवारी संध्याकाळी साडेचारला मीटिंग होती. (शुक्रवारी साडेचारला मीटिंग ठेवणाऱ्या माणसांवर एक वेगळा लेख होईल, तो पुन्हा कधीतरी.) विषय: आयटी विभागासाठी नेटवर्क आणि सर्व्हर मॉनिटरिंगचं नवं सॉफ्टवेअर निवडणे.

खोलीत नऊ माणसं. खरेदी विभागाचे दोघे, फायनान्सची एक, सिक्युरिटीचा एक, तीन मॅनेजर, व्हेंडरचा एक प्रीसेल्सवाला आणि अ‍ॅप्लिकेशन टीमतर्फे अस्मादिक. पडद्यावर भारताचा नकाशा आणि त्यावर हिरवे दिवे. पुणे हिरवं, बेंगळुरू हिरवं, नोएडा हिरवं. प्रीसेल्सवाल्याने कुठेतरी क्लिक केलं आणि नोएडा लाल झालं. खोलीत हलकंसं "अरे वा!" उमटलं. नोएडा बंद पडल्यावर "अरे वा" म्हणणारी माणसं मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली.

मग एक्सेल शीट उघडली. ११२ ओळी. पहिल्या कॉलममध्ये फीचर, पुढच्या चारांत चार सॉफ्टवेअर आणि प्रत्येक चौकोनात "आहे" किंवा "नाही". थ्रीडी डॅशबोर्ड आहे का? आहे. मोबाईल अ‍ॅप आहे का? आहे. एआय आहे का? (हा हल्ली सगळ्याच शीटमध्ये असतो.) आहे, आहे, आहे. दीड तास हे चाललं.

आता सांगा, रात्री तीनला ज्यांचा फोन वाजतो ते आमच्या ऑपरेशन्सचे चौघे त्या वेळी कुठे होते? खालच्या मजल्यावर, आपापल्या जागेवर, कामात. त्यांना कोणी बोलावलंच नव्हतं.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर निवडण्याचा हक्क ऑन-कॉल माणसांचा आहे. बाकीच्यांनी बजेट सांगावं, सिक्युरिटीच्या अटी सांगाव्यात आणि गप्प बसावं. हे उद्धट वाटत असेल तर वाटू दे.

मुळात हे सॉफ्टवेअर करतं काय? तीनच कामं. एक, विचारणं: बाबा रे, जिवंत आहेस का, डिस्क किती भरली, लाइनवर किती ट्रॅफिक आहे? दोन, मिळालेलं उत्तर साठवून त्याचा आलेख काढणं. आणि तीन, काही बिघडलं तर ओरडणं.

यातली पहिली दोन कामं जगाने केव्हाच सोडवली आहेत. टोबियास ओटिकरने एका ६४ केबीपीएसच्या लाइनवर काय चाललंय ते बघायला एमआरटीजी लिहिलं, ते १९९५ साली बाहेर आलं. १९९९ मध्ये नेटसेंट आलं, २००२ मध्ये त्याचंच नाव नागिऑस झालं. लात्वियाच्या अलेक्सेई व्लादिशेवने झॅबिक्स २००१ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. साउंडक्लाउडमध्ये २०१२ साली प्रोमिथियस सुरू झालं, ग्राफाना २०१४ मध्ये आलं. यातली साधनं फुकट उतरवून जोडीने वापरा, विचारणं आणि साठवणं उत्तम होतं. विकतच्या सॉफ्टवेअरमध्येही उत्तमच होतं. ११२ पैकी शंभरेक ओळी या दोन कामांबद्दलच होत्या, म्हणूनच सगळीकडे "आहे, आहे" येत होतं.

घोडं पेंड खातं ते तिसऱ्या कामात. कोणासाठी ओरडायचं, कधी ओरडायचं आणि मुख्य म्हणजे कधी गप्प बसायचं? याची त्या शीटमध्ये एक ओळ होती: "ईमेल / एसएमएस अलर्ट: आहे." बस्स!

या एका ओळीपायी काय होतं ते मी जवळून पाहिलंय. चार वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका कंपनीत होतो. डेव्हलपमेंटमध्ये येण्याआधी दोन वर्षं सपोर्टला काढली, ती तिथे. मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर महागाचं, वरच्या लोकांनी निवडलेलं. कॉन्फिगर केलं ते व्हेंडरच्या माणसाने तीन दिवसांत, सगळे थ्रेशोल्ड जसेच्या तसे ठेवून. सीपीयू ८० टक्क्यांवर गेला की मेल. आता बॅकअपचा सर्व्हर रोज रात्री एक वाजता बॅकअप घेणार म्हणजे ८० टक्क्यांवर जाणारच ना! त्यासाठीच तर तो घेतलाय. पण नाही, मेल. दहा मिनिटांनी पुन्हा मेल. उतरला की "आता ठीक आहे" असा मेल. एका रात्रीत चारशेच्या आसपास मेल यायचे, त्यातले तीन-चार कामाचे असायचे. आम्ही तक्रार केली, तर उत्तर आलं की पॉलिसी ठरलेली आहे, बदलायची तर चेंज रिक्वेस्ट टाका. टाकली. ती अजूनही कुठेतरी पेंडिंग असेल.

लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण शाळेत शिकलो, पण त्यातला दोष नेहमी पोराचाच का असतो हे कधी विचारलं नाही. इथे ओरडणारं पोर लाखो रुपये देऊन आणलेलं होतं.

मग मी एक दिवस मेलबॉक्समध्ये रूल बनवला. मॉनिटरिंगकडून आलेला प्रत्येक मेल थेट एका फोल्डरमध्ये जाईल. फोल्डरचं नाव "नंतर बघू". सगळ्यांना आवडला, सगळ्यांनी कॉपी केला. शिफ्टवर नवा माणूस आला की मीच त्याच्या मशीनवर तो लावून द्यायचो. वर "हे पहिलं शिकून घे" असं सांगायचो.

एका महिनाअखेरीला एका क्लायंटच्या पगाराची फाइल रात्री बँकेकडे जायची होती. डेटाबेस सर्व्हरवर लॉगचं पार्टिशन भरत चाललं होतं. सॉफ्टवेअरने आपलं काम चोख केलं. पावणेबाराला डिस्क ८० टक्के भरल्याचा मेल, दोनला ९५, पावणेतीनला १००. सगळे मेल वेळेवर आले आणि "नंतर बघू"मध्ये जाऊन बसले. डेटाबेस बंद पडला, फाइल गेली नाही. सकाळी साडेसातला क्लायंटचा फोन आला तेव्हा आम्हाला कळलं. दोनेक हजार लोकांचे पगार दोन दिवस उशिरा झाले. त्यांतल्या कितीजणांचा घराचा हप्ता त्या तारखेला असेल, हा विचार मला खूप नंतर सुचला.

त्या रात्री शिफ्टवर सांगलीचा एक मुलगा होता. कॉन्ट्रॅक्टवर, नोकरीला लागून पाच महिने झालेले, मला दादा म्हणायचा. रिपोर्टमध्ये कारण लिहिलं गेलं, "अलर्टकडे ऑपरेटरचे दुर्लक्ष." पंधरवड्यात त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपवलं. त्याच्या मशीनवरचा रूल मी लावला होता हे मी तेव्हा मोठ्याने बोललो नाही. मॅनेजरला खाजगीत सांगितलं, तो म्हणाला, "आता वर पाठवून झालंय, कशाला वाढवतोस." मी वाढवलं नाही. आज लिहितोय, याला फार उशीर झालाय हे मला माहीत आहे.

आणि उपाय म्हणून कंपनीने काय केलं असेल? आणखी महागाचं सॉफ्टवेअर घेतलं. निवडायला बसले तेच लोक.

तुम्ही म्हणाल, एका कंपनीची गोष्ट, तीही बिननावाची. मग नावानिशी घ्या. १ ऑगस्ट २०१२, नाइट कॅपिटल, अमेरिकेतली शेअर ट्रेडिंग कंपनी. नवा कोड आठ सर्व्हरवर टाकायचा होता, एकावर टाकायचा राहिला. बाजार साडेनऊला उघडतो, आणि त्यांच्याच सिस्टिमने सकाळी ८ वाजून १ मिनिटापासून त्या बिघाडाचा उल्लेख असलेले मेल पाठवायला सुरुवात केली होती. बाजार उघडेपर्यंत असे ९७ मेल कंपनीच्या माणसांना गेले. ते अलर्ट म्हणून बनवलेलेच नव्हते, त्यामुळे कोणी तसे वाचले नाहीत. बाजार उघडला आणि ४५ मिनिटांत सुरू झालेल्या उलट्यासुलट्या सौद्यांचा फटका ४६ कोटी डॉलरच्या वर गेला. हे सगळं अमेरिकेच्या एसईसीच्या २०१३ मधल्या आदेशात नोंदलेलं आहे. मेल ९७, वाचणारा शून्य. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय!

दुसरी गोष्ट गिटलॅबची. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री एका इंजिनिअरने चुकून चालू डेटाबेसच्या सर्व्हरवरचा डेटा उडवला. होतं असं, माणूस आहे. बॅकअप घ्यायला गेले तर बॅकअपच नाहीत! बॅकअपचा प्रोग्रॅम चुकीच्या व्हर्जनमुळे अपयशी ठरत होता. मग त्याचा अलर्ट? तो जात होता, पण डीमार्कच्या नियमांत बसत नसल्यामुळे मेल सर्व्हर तो नाकारत होता. म्हणजे ओरडणारा ओरडतोय आणि दार बंद. योगायोगाने कोणीतरी सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी एक स्नॅपशॉट घेतला होता, त्यावर निभावलं. गिटलॅबचं कौतुक एवढ्यासाठी की त्यांनी हे सगळं स्वतःहून जगासमोर मांडलं आणि त्या इंजिनिअरचा बळी दिला नाही.

या दोन्ही ठिकाणी "ईमेल अलर्ट: आहे" असंच उत्तर आलं असतं, बरं का.

आता नेहमीचे आक्षेप. पहिला: "ऑपरेशन्सवाल्यांना विचारलं की ते ओपन सोर्सच म्हणणार, फुकट ते फुकटच." मला हा वादच फालतू वाटतो. नागिऑस फुकट आहे, पण त्याच्या कॉन्फिग फाइल्स लिहिणाऱ्या माणसाचा पगार फुकट नाही. आयटीत दोनच माणसं असलेल्या शाळेने किंवा कारखान्याने सरळ विकतचं, तयार सॉफ्टवेअर घ्यावं. त्यात काही कमीपणा नाही. पण विकतचं घेताना लायसन्स कशावर मोजतात तेवढं बघा. डिव्हाइसवर, सेन्सरवर, की डेटावर? सेन्सरवर असेल तर सहा महिन्यांनी कोणीतरी म्हणतं, "लायसन्स संपत आलंय, ते टेस्टचे सर्व्हर काढून टाका." मग यूपीएस काढतात, मग शाखेचा राउटर काढतात. आणि बंद पडतं ते नेमकं काढलेलंच.

दुसरा आक्षेप: "मोठं नाव असलं की डोक्याला ताप नाही." डिसेंबर २०२० मध्ये सोलरविंड्सचं प्रकरण उघड झालं. त्यांच्या ओरायन या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमध्येच हल्लेखोरांनी मागचं दार बसवलं होतं. अठरा हजारांपर्यंत ग्राहकांनी ते अपडेट घेतलं असेल असं कंपनीनेच सांगितलं. प्रत्यक्ष घुसखोरी त्यातल्या थोड्यांकडेच झाली, पण त्यांत अमेरिकन सरकारची खाती होती. मोठं नाव वाईट असतं असं मी म्हणत नाहीये. मुद्दा हा की मॉनिटरिंगवाला म्हणजे सोसायटीचा असा वॉचमन, ज्याच्याकडे प्रत्येक फ्लॅटची किल्ली आहे. मग त्याला सगळ्या सर्व्हरवर अ‍ॅडमिनचे अधिकार खरंच लागतात का? डिस्क किती भरली हे बघायला रूट कशाला हवं? हा प्रश्न त्या ११२ ओळींत नव्हता. सिक्युरिटीचा माणूस खोलीत असूनही नव्हता.

तिसरा: "ऑपरेशन्सवाल्यांना बिझनेस कळत नाही." ४ ऑक्टोबर २०२१ आठवा. फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम सगळं सहाएक तास बंद. नेहमीच्या देखभालीतल्या एका कमांडने त्यांच्या डेटा सेंटरांना जोडणारं जाळंच तुटलं, आणि दुरुस्तीला लागणारी त्यांची आतली साधनंसुद्धा त्याच जाळ्यावर होती, तीही गेली. ज्याने एकदा तरी रात्री व्हीपीएन बंद असताना सर्व्हर शोधलाय, तो डेमोत पहिला प्रश्न हाच विचारेल: "सगळं नेटवर्क गेलं तर हे मला कुठून कळवणार?" यापेक्षा जास्त बिझनेस कोणता कळायला हवा?

म्हणून म्हणतो, त्या चौघांना डेमोला बसवा आणि नकाशा बंद करायला सांगा. ते काय विचारतील याची झलक देतो:

१. किती वेळाने विचारता? दर ५ मिनिटांनी, आणि तीनदा उत्तर आलं नाही तर अलर्ट? म्हणजे कळायला दहा-पंधरा मिनिटं. आमच्या करारात ९९.९९ टक्के लिहिलंय, म्हणजे तीस दिवसांच्या महिन्याला ४.३ मिनिटं. तुमचा अलर्ट म्हणजे वरातीमागून घोडं.

२. पोर्टचा ट्रॅफिक ३२ बिटच्या काउंटरवरून घेता की ६४ बिटच्या? १ जीबीपीएसच्या भरलेल्या लाइनवर ३२ बिटचा काउंटर ३४ सेकंदांत फिरून शून्यावर येतो. दर ५ मिनिटांनी वाचलात तर तुमचा सुंदर आलेख म्हणजे शुद्ध थाप. (या प्रश्नावर प्रीसेल्सवाल्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. :-))

३. कोअर स्विच गेला तर त्यामागच्या दोनशे सर्व्हरचे दोनशे अलर्ट येणार, की एकच?

४. सर्टिफिकेट संपायच्या तीस दिवस आधी सांगता का? ६ डिसेंबर २०१८ ला एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधलं सर्टिफिकेट संपलं आणि ब्रिटनमधल्या ओटू कंपनीच्या लाखो ग्राहकांचा डेटा दिवसभर बंद पडला. आणि आता सर्टिफिकेटची मुदत आखडत चालली आहे. १५ मार्च २०२६ पासून जास्तीत जास्त २०० दिवस आणि २०२९ पासून ४७ दिवस असं ठरलंय. हे डायरीत लिहून ठेवायचं काम राहिलेलं नाही.

५. लॉग किती दिवस ठेवता आणि कुठे? सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे १८० दिवस ठेवायचे आहेत, आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे. सहा तासांत कळवायची तर आधी आपल्याला कळायला हवी ना!

६. आणि सगळ्यात महत्त्वाचं: नकोसा अलर्ट बंद करायला किती क्लिक लागतात, आणि तो अधिकार मला आहे की चेंज रिक्वेस्ट टाकावी लागेल?

गूगलच्या लोकांचं एसआरईवरचं पुस्तक २०१६ मध्ये आलं. त्यात एक साधं तत्त्व आहे: माणसाला उठवणारा प्रत्येक अलर्ट असा हवा की त्यावर उठून काहीतरी करता येईल. करण्यासारखं काही नसेल तर झोपू द्या त्याला. झोप ही काही चैन नाही. सलग तीन रात्री उठलेला माणूस चौथ्या रात्री चुकीच्या सर्व्हरवर कमांड मारतो, आणि मग आपण "मानवी चूक" असं लिहून मोकळे होतो.

मग निवडायचं कसं? एक्सेल फेकून द्या. दोन सॉफ्टवेअर घ्या, एक विकतचं आणि एक ओपन सोर्स. आपले सगळ्यात रडके वीस सर्व्हर दोघांवर लावा. दोन-दोन आठवडे ऑन-कॉल माणसांना ते वापरू द्या. रोज सकाळी दोनच आकडे लिहा: रात्री किती अलर्ट आले, आणि त्यातल्या कितींवर खरंच काही करावं लागलं. मधेच एका संध्याकाळी न सांगता एखाद्या टेस्ट सर्व्हरची डिस्क भरून टाका आणि कोणाला, किती वेळाने कळतं ते बघा. महिन्याभरात निर्णय आपोआप होतो. आणि त्या चौघांनी "हे नको" म्हटलं तर नको. नकाराधिकार त्यांचा.

सोमवारी पुन्हा मीटिंग आहे. हे सगळं मी तिथे बोलणार आहे. फार उपयोग होईल असं नाही, पीओ जवळजवळ तयार आहे असं ऐकतोय. पण गेल्या वेळी मी गप्प बसलो होतो आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली. तो सांगलीचा मुलगा आता दुसऱ्या कंपनीत आहे, बरं चाललंय त्याचं. काल त्याला फोन केला, रूलचं सगळं सांगितलं आणि माफी मागितली. तो म्हणाला, "दादा, मला माहीत होतं. पण तुम्ही तरी काय करणार होतात?" करता आलं असतं. निदान रिपोर्टवर माझंही नाव घाला असं म्हणता आलं असतं.

असो. तुम्ही सोमवारी ऑफिसला गेलात की एक करा. आपल्या रात्रपाळीच्या माणसाला चहाला घेऊन जा आणि विचारा, "काल किती अलर्ट आले आणि किती वेळा खरंच उठावं लागलं?" आणि जमलं तर त्याच्या मेलबॉक्समधल्या फोल्डरांची नावं बघा. "नंतर बघू" सापडलं तर त्याला बोलू नका. ज्यांनी ते सॉफ्टवेअर निवडलं, त्यांच्याकडे जा.